वावराला विसावा

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आम्ही घाटंजीत वाघाडी नदीच्या काठी जाऊन उभे राहतो. ही आमची जुनी खोड आहे. शाळेत होतो तेव्हा मुलांना घेऊन जात असू. आता निवृत्त झालो, तर एकटेच जातो.

मुलांना आम्ही विचारत असू, "पोरांनो, पाण्याचा रंग कसा?" मुले म्हणत, "चहासारखा, गुरुजी." आम्ही विचारत असू, "मग यात पत्ती कोणी टाकली?" मुले हसत. हसून झाले की डोंगराकडचे एखादे पोर हळूच म्हणे, "गुरुजी, ती आमच्या वावरातली माती आहे."

त्या पोराचे म्हणणे खरे होते. त्या मातीची गोष्ट आज आपण वाचू.

एक वावर

आपल्या घाटंजी तालुक्यात टेकड्या पुष्कळ. टेकड्यांच्या कुशीत कोलाम बांधवांच्या वस्त्या आहेत. त्या वस्तीला पोड म्हणतात. अशाच एका पोडावर आमचा एक विद्यार्थी राहतो. घरात त्याचे म्हातारे वडील आहेत, बायको आहे, दोन लेकरे आहेत. वनहक्काचा पट्टा मिळालेले तीन एकर वावर आहे. वावर उतारावर, जमीन बरड. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला थोडी काळी माती.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. म्हातारे बाबा चावडीसमोर बसले होते. आम्ही विचारले, "बाबा, वावर कसं आहे?"

बाबा म्हणाले, "वावर थकलं, गुरुजी. माणूस थकलं तर बसते. वावराला कोन बसू देते?"

हे बोलणे आमच्या मनात घर करून राहिले.

आजोबांची शेती

बाबांचे आजोबा एका जागी शेती करीत नसत. डोंगराचा एक तुकडा निवडायचा. उन्हाळ्याआधी झाडेझुडपे तोडायची. ती वाळली की पेटवायची. पाऊस आला की राखेत काठीने भोके पाडून बी टाकायचे. जवारी, बारीक भरडधान्ये, डाळी आणि वेलभाज्या, सगळे एकाच तुकड्यात. दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे. पीक उतरले की तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचे. या शेतीला फिरती शेती म्हणतात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे तिला पोडू म्हणतात. गडचिरोलीत भामरागडचे माडिया बांधव तिला पेंडा म्हणतात. आसाम-नागालँडकडे तिचे नाव झूम आहे.

पुष्कळ शिकलेले लोक म्हणतात की ही अडाणी शेती होती, तिने जंगल जाळले. आम्हीही तरुणपणी असेच म्हणत होतो. नीट विचार केल्यावर आमचे मत बदलले.

सोडून दिलेल्या तुकड्याचे काय होत असे ते पाहा. पहिल्या वर्षी गवत येई. मग झुडपे येत. मग झाडे वाढत. त्यांचा पाला गळून मातीत कुजे. मुळे खोल जाऊन खालचा कस वर आणीत. अशी पुष्कळ वर्षे गेली की तुकडा पुन्हा शेतीजोगा होई. माणूस तोवर दुसरीकडे असे. वावराची दुरुस्ती जंगल करीत असे, आणि त्या कामाची मजुरी मागत नसे.

यात दोन गोष्टी मात्र लागत: जागा भरपूर हवी आणि माणसे थोडी हवीत. तसे असेल तरच तुकड्याला पुरता विसावा मिळतो. पंधरा वर्षांचा विसावा चार वर्षांवर आला, तर जमीन सावरत नाही. मग ही शेती खरोखरच डोंगर उघडा करते.

वावर एका जागी थांबले

इंग्रजी अमलात आणि निजामाच्या राज्यात जंगले राखीव झाली. हद्दीचे दगड बसले. कुऱ्हाड चालवणारा गुन्हेगार ठरला. मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यातील बैगा लोकांना १८९० मध्ये सरकारने फिरत्या शेतीसाठी वेगळा टापू नेमून दिला. बाकी ठिकाणी ती बंदच करायची, असे धोरण होते. आपल्या शेजारी आदिलाबादकडे जमीन आणि जंगल यांवरून मोठा तंटा झाला. १९४० मध्ये जोडेघाट येथे गोंडांचे पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळीने मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला तिकडच्या लोकांची स्थिती पाहायला पाठवले. कोलामांची फिरती शेती आणि राखीव जंगलामुळे त्यांची झालेली ओढाताण त्यांनी लिहून ठेवली आहे.

फिरणे बंद झाले, तरी पोट थांबत नाही. लोक आहे त्याच तुकड्यावर दरवर्षी पेरू लागले. कागद नव्हता, म्हणून उठवले जाण्याची धास्ती असे. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगल जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा हक्क त्याने मान्य केला. ताब्यात असेल तेवढी जमीन मिळते, पण चार हेक्टरांहून, म्हणजे सुमारे दहा एकरांहून, जास्त नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. तो मुलांकडे जातो. तो विकता येत नाही.

हा कागद मोठ्या कष्टाने मिळाला आहे. पण कागद मिळाला तेव्हाच वावर कायमचे एका जागी थांबले. आता मागे जंगल नाही आणि पुढे नवा तुकडा नाही. जे काम जंगल करीत असे, ते कोणी करायचे? ते आपल्यालाच करावे लागेल. नाहीतर कागदावर तीन एकर राहतील आणि लेकरांच्या वाट्याला मुरूम येईल.

माती किती जाते?

थोडा हिशेब करू. हिशेब सोपा आहे.

एका एकरावर इंचभर पाऊस पडला, तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होते. उतारावरची माती उघडी असेल, तर यातले बरेच पाणी मुरत नाही, पळते. पळणारे पाणी रिकाम्या हाताने जात नाही.

आता मातीचा हिशेब. एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला असे धरा. मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा. डोळ्याला तो दिसतही नाही. पण त्याचे वजन सुमारे पाच टन, म्हणजे पन्नास क्विंटल होते. एका बंडीत दहा क्विंटल धरली, तर पाच बंड्या माती. कोणी चोर पाच बंड्या भरून माती नेऊ लागला, तर आपण काठी घेऊन धावू. पावसामागे मात्र कोणी धावत नाही.

जाते ती वरची माती. खत, कुजलेला पाला, जिवाणू, सगळे याच थरात असते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. दुकानात ती मिळत नाही.

कपाशीच्या वावरात माती जास्त जाते. असे का? कपाशीची रोपे लांब-लांब असतात आणि हळू वाढतात. जून-जुलैत पाऊस जोराचा असतो, तेव्हा दोन तासांमधली जमीन उघडीच असते. त्यात पेरणी उताराच्या दिशेने केली असेल, तर प्रत्येक तास पाण्याची नाली होतो.

आमची चूक

बाबांचे बोलणे ऐकून आम्हाला उत्साह आला. आम्ही मुलाला म्हणालो, "बांध घाल." त्याने आणि त्याच्या बायकोने उन्हाळाभर खपून मातीचा बांध घातला. कुठे घालायचा ते आम्हीच डोळ्याने पाहून दाखवले होते. श्रावणात एका रात्री मोठा पाऊस झाला. बांधाच्या सखल जागी पाणी साचले आणि तिथून तो फुटला. फुटल्या जागी कमरेएवढी घळ पडली. बांध नसता तर एवढे नुकसान झाले नसते.

ती चूक आमची होती. डोळा फसवतो. उतारावर समपातळी डोळ्याने कळत नाही, ती मोजावी लागते. मोजायचे साधन घरी करता येते.

तीन काठ्यांचे साधन

सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू घ्या. वरची टोके एकत्र बांधा आणि खालची फाकवा. मध्ये आडवी काठी बांधा. घराच्या छपराच्या आढ्यासारखा आकार होईल. वरच्या टोकाला दोरी बांधून तिला दगड लटकवा. दोरी आडव्या काठीच्या पुढून मोकळी लोंबली पाहिजे.

आता खूण करायची. जमिनीत दोन खुंट्या ठोका. साधनाचे पाय त्यांवर ठेवा. दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग साधन फिरवा. डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर. पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत असे समजा.

वावराच्या एका कडेपासून सुरुवात करा. एक पाय खुंटीवर ठेवा. दुसरा पाय वर-खाली सरकवा. दोरी मधल्या खुणेवर आली की तिथे खुंटी ठोका. असेच पुढे चला. खुंट्यांची जी ओळ होईल ती समपातळीची ओळ. ती वाकडी दिसेल. वाकडी असू द्या. पाण्याच्या हिशेबाने ती बरोबर आहे.

दुसरी ओळ किती दूर? ढोबळ रीत अशी: पहिल्या ओळीवर उभे राहून समोर चढाकडे सरळ पाहा. नजर जमिनीला जिथे टेकते, तिथे दुसरी ओळ. उतार जास्त असेल तिथे ओळी आपोआप जवळ येतात.

ओळीवर काय करायचे?

एक, वावरातले दगड वेचून ओळीवर रचा. त्याच्या वरच्या अंगाला गवत लावा. वाळ्याची रोपे अर्ध्या-अर्ध्या वितीवर लावली, तर दाट भिंत होते. वाळ्याची मुळे खोल जातात आणि जून पाला ढोरे सहसा खात नाहीत. चारा हवा असेल तर मारवेल लावा. मातीचा बांध पाणी अडवतो, म्हणून कधी फुटतो. गवताची ओळ पाण्याला वाट देते, पण त्याच्याजवळची माती काढून घेते.

दोन, वखरणी, पेरणी, डवरणी, सगळे ओळीला धरून, उताराला आडवे करा. यात एक पैसाही जास्त लागत नाही.

तीन, एकटी कपाशी पेरू नका. मध्ये तूर, मूग, उडीद, बरबटी घ्या. मूग-बरबटी जमीन लवकर झाकतात. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरून ठेवतात. आजोबा एका तुकड्यात दहा बिया टाकत, त्यात हे शहाणपण होते.

चार, काडीकचरा जाळू नका. जंगल जाळून मिळालेली राख पूर्वी पिकाला उपयोगी पडे, कारण ती पुष्कळ वर्षांच्या झाडोऱ्याची राख होती. आज आपण जाळतो ते मूठभर कुटार. जाळले की त्यातले नत्र धुरासोबत उडून जाते आणि जमीन उघडी पडते. तुरीचा पाला, कुटार, गवत वावरातच अंथरा. पऱ्हाटीचे मात्र वेगळे आहे. तिच्यात बोंडअळी दडून राहते. तिचे ढीग धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका.

पाच, धुऱ्यावर झाडे लावा. सीताफळ, आवळा, करंज, गिरिपुष्प आपल्या बरड जमिनीत येतात. गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून पाला वावरात टाकता येतो. त्यात नत्र भरपूर असते.

सहा, वावराला पाळीपाळीने विसावा द्या. ही गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, म्हणून शेवटी सांगतो.

अर्धा एकर

आम्ही मुलाला म्हणालो, "दरवर्षी अर्ध्या एकरात कपाशी लावू नको. त्यात ताग पेर. सहा-सात आठवड्यांनी फुलावर आला की कापून तिथेच अंथर, नाहीतर मातीत गाड."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे. तीन एकरावर आम्ही पाच जन जगतो. अर्धा एकर सोडला, तर कृषी केंद्राचं देनं कुठून फेडू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे बरोबर होते. उपदेश करणाऱ्याला उपाशी राहावे लागत नाही.

तेव्हा त्याची बायको बोलली. पट्ट्यावर तिचेही नाव आहे. ती म्हणाली, "वरच्या तुकड्यात बियान्याचे अन् खताचेबी पैसे निघत नाहीत. तिथं कपाशी लावून आपन देनंच वाढवतो. तो तुकडा ठेवा ना बसता."

म्हातारे बाबा हसले. म्हणाले, "हे सूनबाईला समजलं. आजोबालेबी असंच समजे."

तसेच ठरले. पहिल्या वर्षी वरच्या अर्ध्या एकरात ताग आणि कडेला तूर. बियाणे आणि खत यांचा त्या तुकड्याचा खर्च वाचला. दोन ओळी साधनाने मोजून आखल्या. पोडातली माणसे हसली. म्हणाली, "गुरुजीनं वाकडी लाइन मारली." दुसऱ्या पावसाळ्यात ओळीच्या वरच्या अंगाला बोटभर गाळ साचलेला दिसला. तो गाळ पूर्वी वाघाडीत जात होता. त्यानंतर हसणाऱ्यांपैकी दोघांनी आमच्याकडून बांबूचे साधन मागून नेले.

त्याचे देणे फिटले, असे आम्ही म्हणणार नाही. फिटलेले नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, त्यावर गवताच्या ओळीचा इलाज चालत नाही. पण वरच्या तुकड्यात आज पुन्हा जवारी-तूर येते आणि विसाव्याची पाळी आता दुसऱ्या तुकड्यावर गेली आहे.

इतर लोक काय करतात?

ही अडचण फक्त आपली नाही. जगात जिथे-जिथे डोंगरउतारावर शेती आहे, तिथे लोकांना ती पडली आहे.

नागालँडमध्ये खोनोमा नावाचे गाव आहे. तिथले लोक झूम शेतीत उतिसाची झाडे मुळापासून तोडत नाहीत. बुंधा ठेवून फांद्या छाटतात. उतिसाच्या मुळांवरही नत्र धरणाऱ्या गाठी असतात. त्यामुळे जमीन लवकर सावरते आणि त्याच तुकड्यावर लवकर परत येता येते.

फिलिपाइन्स देशात मिंदानाव बेट आहे. तिथे १९७० नंतरच्या वर्षांत हॅरॉल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी उतारावर समपातळीच्या ओळी आखल्या. ओळींवर सुबाभूळ दाट लावली. ती छाटून पाला मधल्या पट्ट्यांत टाकला आणि पट्ट्यांत धान्य व फळझाडे घेतली. तिथेही ओळी आखायला तीन काठ्यांचेच साधन वापरतात. वॉटसन यांना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

झाडे वेगळी, देश वेगळे. पण दोन्ही ठिकाणी विसावा जंगलातून उचलून वावरात आणला आहे. आपल्यालाही तेच करायचे आहे.

या उन्हाळ्यात काय कराल?

एकदम सगळे करू नका. तीन कामे करा. एका संध्याकाळी घरच्या माणसांसोबत बसून वावरातला सगळ्यांत थकलेला तुकडा कोणता ते ठरवा. बायकांना अवश्य विचारा, निंदण त्या करतात, त्यांना प्रत्येक तास ठाऊक असतो. दुसरे, तीन काठ्यांचे साधन करून त्या तुकड्यावर एक ओळ आखा. तिसरे, मृगाआधी त्या ओळीवर दगड रचा, आणि पाऊस लागला की गवत लावा.

नाल्यावरचे दगडी बांध आणि टेकडीवरचे चर एकट्याने होत नाहीत. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल आणि पाण्याच्या जागा राखण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत उभे राहून ही कामे मागा. ठराव लिहायला आता तुम्हाला येते. स्वतःच्या हाताने लिहा.

येत्या मृगात आम्ही पुन्हा वाघाडीच्या काठी जाणार आहोत. तुम्हीही आपापल्या नाल्यावर जा आणि पाण्याचा रंग पाहा.

वर्गात बोलण्यासाठी

१. तुमच्या आजोबांच्या वेळी वावरात कोणकोणती पिके होती? आज किती आहेत?

२. डोळ्याने पाहून घातलेला बांध का फुटला?

३. एका एकरावरून एक मिलिमीटर माती गेली, तर किती बंड्या होतात? तुमच्या वावराचा हिशेब पाटीवर मांडा.